सोंड, ओढा, पुन्हा सोंड: पुण्याच्या पश्चिमेकडील धरणकाठचे सायकलमार्ग

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला राहणारे एक गृहस्थ वर्षभर रोड सायकल चालवत आहेत. सोलापूर रस्त्याने यवतपर्यंत जाऊन येणे, म्हणजे शंभरेक किलोमीटर, त्यांना आता जड जात नाही. ऑक्टोबरात मात्र पौड, कोळवण, तिकोना पेठ, पवनानगर, कामशेत अशी फेरी करताना साठ किलोमीटर उलटल्यावर त्यांच्या मांड्या भरून आल्या आणि कामशेतहून सायकल टेम्पोत टाकून घरी यावे लागले. वाटेत नाव घेण्यासारखा एकही मोठा घाट नसताना असे का झाले, धरणांच्या मुलखातील मार्ग कोणत्या क्रमाने करावेत, मागची ११–२५ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरील दातेरी चाक्यांचा संच) बदलावी का, आणि चौदा वर्षांच्या मुलीला यांपैकी कोणत्या रस्त्यावर नेता येईल, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर बाकीची उत्तरे अवलंबून असल्याने तेथूनच सुरुवात करतो. आपण ज्या रस्त्याने गेलात तो मुळात कोणी प्रवासाच्या सोयीसाठी निवडलेला रस्ता नव्हे. मावळातील आणि मुळशीतील जुन्या वाटा नदीच्या काठाने, खोऱ्याच्या तळातून जात असत, कारण बैलगाडीला सपाटी लागते आणि सपाटी तळातच असते. धरण झाले की तो तळ पाण्याखाली जातो. गावे जातात, भातखाचरे जातात आणि त्यांच्याबरोबर रस्ताही जातो. मग नवा रस्ता पूर्ण संचय पातळीच्या वर, डोंगराच्या अंगावरून काढावा लागतो. सह्याद्रीच्या डोंगराला पायथ्याशी सोंडा फुटलेल्या असतात आणि दर दोन सोंडांच्या मध्ये एक ओढा असतो. रस्ता सोंडेवर चढतो, ओढ्यावरच्या मोरीपाशी उतरतो आणि लगेच पुढच्या सोंडेवर चढतो. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले की पवना जलाशयातील वाघेश्वराचे मंदिर आणि भाटघरच्या पाण्यातील कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते. ती मंदिरे पाहिली म्हणजे जुनी वस्ती आणि जुनी वाट किती खाली, किती सपाटीवर होती, हे एका दृष्टिक्षेपात समजते. आपली फेरी त्या बुडालेल्या वाटेच्या वरच्या अंगाने झाली.

हिशेब करून पाहिला तर थकवा का आला हे अधिक स्पष्ट होईल. समजा, वाटेत प्रत्येकी वीस मीटर उंचीचे चाळीस चढ आहेत. एकही चढ मिनिटा-दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेत नाही, त्यामुळे तो मनाच्या खिजगणतीत येत नाही. बेरीज मात्र आठशे मीटर होते, आणि सिंहगडाच्या रस्त्याची पायथ्यापासून वाहनतळापर्यंतची चढाई साधारण सहाशे मीटरच्या घरात आहे. सिंहगडाला जाताना आपण मनाची आणि अन्नाची तयारी करून जातो, सुरुवातीपासून हलका गिअर लावतो आणि श्वासावर लक्ष ठेवतो. धरणकाठी यांतले काहीच करत नाही. समोर दोनशे मीटरचा चढ दिसतो, पलीकडे उतार आहे हे माहीत असते, म्हणून गिअर न बदलता उभे राहून तो ‘मारून’ नेतो. असे चाळीस वेळा केले की मांडीचे स्नायू चाळीस वेळा आपल्या मर्यादेपलीकडे गेलेले असतात. मधल्या उतारावर श्वास सावरतो, त्यामुळे दम लागत नाही आणि सारे ठीक चालले आहे असे वाटत राहते. पाय आतून रिकामे होत असतात, ते एकदम कळते. म्हणून या भागात मार्ग आखताना मी अंतराचा आकडा दुय्यम मानतो. सायकलच्या संगणकावरची एकूण चढाई किलोमीटरने भागून पाहावी. दर दहा किलोमीटरला शंभर मीटरपेक्षा जास्त चढाई असेल, तर सपाटीवरच्या आपल्या अंतराचे दोन तृतीयांशच धरून नियोजन करावे. हा माझा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे, परंतु नव्या सोबत्यांच्या बाबतीत तो सहसा चुकलेला नाही.

याच संदर्भात एक समज दूर करायला हवा. उतारावर मिळालेला वेग पुढच्या चढाला ‘फुकट’ वर नेईल, या आशेने अनेक जण मोरीपर्यंत ब्रेकला हात लावत नाहीत. ताशी ४० किलोमीटरच्या वेगात असलेली गतिज ऊर्जा, हवेचा आणि टायरचा अवरोध शून्य धरला तरी, सायकलला जेमतेम सहा मीटर उंच नेऊ शकते. ताशी ६० किलोमीटरला हा आकडा चौदा मीटर होतो. प्रत्यक्षात याहून कमीच मिळते. म्हणजे ४० ऐवजी ६० च्या वेगाने मोरीवर आदळण्याचा मोबदला फार तर आठ मीटर उंचीचा आहे. मोरीवर नेमके काय असते हे पाहिले तर हा सौदा तोट्याचा ठरतो. तेथे रस्ता अरुंद होतो, बहुधा वळतो, आणि ओढ्याने आणलेली कच व बारीक खडी डांबरावर पसरलेली असते. पानशेतहून परतताना अशाच एका मोरीवर माझे पुढचे चाक निसटले आणि गळपट्टीचे हाड मोडले. दोष सर्वस्वी माझा होता. तेव्हापासून वळण सुरू होण्याआधी, सायकल सरळ असतानाच ब्रेक लावून वेग उतरवायचा, वळणात ब्रेक सोडायचा, आणि मोरी ओलांडण्यापूर्वीच चढाचा गिअर लावून ठेवायचा, हा क्रम मी मोडत नाही. चढावर ताण आल्यानंतर गिअर बदलू गेल्यास साखळी करकरते, कधी उतरते, आणि क्लीटने (बूट पेडलला जखडणाऱ्या खिट्टीने) अडकलेल्या पायांनिशी माणूस जागच्या जागी कलंडतो.

आता कॅसेटविषयी. आपल्या सायकलला पुढे ५०/३४ ची कॉम्पॅक्ट जोडी आहे असे आपण लिहिले आहे. ३४ दातांच्या पुढच्या आणि २५ दातांच्या मागच्या चाकीवर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.८६ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्यांनी वेग ताशी १०.३ किलोमीटर होतो. दहा टक्के चढावर, स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरले, तर हा वेग राखायला साधारण अडीचशे वॅट शक्ती लागते. मागे ३२ दात असतील तर त्याच साठ फेऱ्यांना वेग ताशी ८ किलोमीटर होतो आणि शक्ती दोनशे वॅटच्या आत येते. वर्षभर सराव केलेल्या सामान्य माणसाला दोनशे वॅट काही मिनिटे पेलवतात. अडीचशे वॅट वारंवार मागितले तर पाय नकार देतात. म्हणून कॅसेट अवश्य बदलावी. ११–३२ पुरेशी आहे, ११–३४ घेतली तरी कमीपणा मानण्याचे कारण नाही. केवळ कॅसेट बदलून भागेलच असे नाही. जुन्या, आखूड पिंजऱ्याच्या मागच्या डिरेलरला (साखळी एका चाकीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला) ३२ दात झेपत नाहीत आणि साखळीही बहुधा लांब घ्यावी लागते, म्हणून खरेदीपूर्वी मेकॅनिकला डिरेलरचा क्रमांक दाखवावा. याच खर्चात शक्य असल्यास टायर २५ ऐवजी २८ मिलिमीटरचे घ्यावेत, फ्रेममध्ये तेवढी जागा आहे का हे आधी पाहून. सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७० ते ७५ पीएसआय हवा पुरते. शंभर पीएसआय भरलेला टायर वेगवान असतो ही समजूत गुळगुळीत डांबरापुरती खरी असेल. आपल्याकडच्या खडबडीत रस्त्यावर तो फक्त उड्या मारतो.

मार्गांच्या क्रमाविषयी माझे मत आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळे असू शकेल. बहुतेक जण मुळशीपासून सुरुवात करतात, कारण ते नाव प्रसिद्ध आहे आणि रस्ता रुंद आहे. मी नवख्यांना प्रथम एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी)–बहुली रस्त्यावर पाठवतो. वारजे, शिवणे, उत्तमनगर हा दाट वस्तीचा तुकडा पहाटेच पार करावा. कोंढवे-धावडे मागे पडले आणि प्रबोधिनीचे प्रवेशद्वार ओलांडले की गर्दी एकदम सरते. तेथून कुडजे, मांडवी, सांगरुण अशी गावे घेत रस्ता खडकवासल्याच्या उत्तर काठाने पश्चिमेला जातो. सांगरुणच्या परिसरात आंबी, मोसे आणि मुठा या तीन नद्यांचे पाणी एकत्र येते. आंबीवर पानशेत, मोसेवर वरसगाव आणि मुठेवर टेमघर धरण आहे, आणि तिन्हींचे पाणी खाली खडकवासल्यात येते, हे ध्यानात ठेवले की या साऱ्या मुलखाचा नकाशा डोक्यात आपोआप बसतो. फलकांवर पानशेतचा उल्लेख तानाजी सागर आणि वरसगावचा उल्लेख वीर बाजी पासलकर जलाशय असाही आढळतो. नव्या माणसाचा त्यामुळे गोंधळ होतो. बहुलीपुढे मुठा गाव येते. तेथून उजवीकडे खिंड चढून उरवडे, पिरंगुट आणि चांदणी चौक अशी फेरी पूर्ण केली, तर कोथरूडपासून कोथरूडपर्यंत साधारण साठ किलोमीटर होतात. सोंडा आणि ओढे यांची ओळख करून घ्यायला याहून चांगली शाळा नाही: चढ लहान आहेत, वाहने थोडी आहेत, आणि दमल्यास कोठूनही मागे फिरता येते.

दुसरी फेरी पानशेतची असावी. सिंहगड रस्त्याने खडकवासला, डोणजे फाटा, खानापूर, मालखेड, सोनापूर असा हा रस्ता जलाशयाच्या दक्षिण काठाने जातो, आणि खडकवासल्याच्या भिंतीपासून पानशेतपर्यंत सुमारे पंचवीस किलोमीटर भरतो. जाताना पाणी उजवीकडे आणि डोंगर डावीकडे असतो, येताना याच्या उलट. आपण डाव्या बाजूने चालत असल्यामुळे याला महत्त्व आहे. पावसात डोंगरावरून घरंगळलेले दगड आणि वाहून आलेला चिखल जाताना आपल्याच बाजूला पडलेला असतो, म्हणून रस्त्याच्या कडेला चिकटून न जाता कडेपासून हातभर आतून चालावे. या रस्त्याचा खरा शत्रू मात्र रविवारची दुपार आहे. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसे आणि भजी खायला आलेल्यांच्या गाड्या दोन्ही बाजूंना लागतात आणि त्यांचे दरवाजे न पाहता उघडतात. पहाटे साडेपाचला निघून परतताना नऊ-साडेनऊच्या आत चौपाटी ओलांडावी. पानशेतला पोहे आणि चहा मिळतो. त्यापुढे शिरकोलीच्या दिशेने जलाशयाच्या काठाने जायचे असल्यास पाणी भरून घ्यावे, कारण दुकाने विरळ होतात आणि मोबाइलला धड रेंज राहत नाही. नकाशाची काही अॅप धरणाच्या भिंतीवरून पलीकडे जाण्याचा मार्ग सुचवतात. भिंतीवर सर्वसाधारण लोकांना प्रवेश नसतो; १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटल्याची आठवण ज्या शहराच्या घराघरांत आहे, तेथे या बंदोबस्ताबद्दल तक्रार करू नये.

तिसरी फेरी ती, जिच्यात आपण हरलात. ती मला या साऱ्या पट्ट्यात सर्वांत प्रिय आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे जास्त लिहितो. पौडला मुख्य रस्ता सोडून उजवीकडे कोळवणच्या खोऱ्यात शिरताच ट्रकांचा आवाज थांबतो. ऑक्टोबरच्या अखेरीस येथे इंद्रायणी भात पिवळा पडलेला असतो आणि सकाळच्या दवात त्याचा वास रस्त्यावर येतो. हा पहिला टप्पा फसवा आहे. खोरे हलकेच चढत जाते, चढ डोळ्यांना दिसत नाही, आणि ‘आज पाय का चालत नाहीत’ असे वाटून माणूस जोर लावतो. येथे जोर लावू नये. हाडशीच्या पुढे रस्ता खऱ्या अर्थाने चढू लागतो आणि पाणलोट ओलांडून तिकोना पेठेकडे उतरतो. त्या उतारावर समोर तिकोन्याचा त्रिकोणी माथा आणि खाली पवनेचे पाणी एकाच वेळी दिसते. तिकोना म्हणजे वितंडगड आणि पलीकडचा टोकदार तुंग म्हणजे कठीणगड. लोहगड आणि विसापूर उत्तरेला. चारही किल्ले दिवसभर जागा बदलत आपल्याबरोबर फिरत राहतात. तिकोना पेठ ते पवनानगर हा तुकडा सोंडांचा आहे. त्यानंतर पवनानगर ते कामशेत या रस्त्यावर, बेडसे लेण्यांच्या डोंगराच्या बाजूने जाताना, दमलेल्या पायांना आणखी एक चढाई करावी लागते. आपण नेमके तेथे संपलात, आणि ते स्वाभाविक आहे, कारण त्याआधीचे सगळे चढ आपण उसन्या बळावर केले होते.

हीच फेरी पुढच्या वेळी अशी करावी. पौडपर्यंत इतक्या सावकाश जावे की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. हाडशीच्या चढाला सुरुवातीलाच सर्वांत हलका गिअर लावून बसूनच चढावे. उभे राहायचे ते केवळ पाठ मोकळी करण्यासाठी. पहिल्या अर्ध्या तासानंतर भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला चाळीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. मोठ्या केळ्यातून साधारण पंचवीस ग्रॅम मिळतात. बाकीची भर खजूर, राजगिऱ्याचा लाडू किंवा गुळाची चिक्की यांनी काढावी. यवतच्या रस्त्यावर दर दोन किलोमीटरला हॉटेल आहे, त्यामुळे आपल्याला खिशात खाणे ठेवायची सवय लागलेली नाही, असा माझा अंदाज आहे. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरावे आणि दोनपैकी एका बाटलीत मीठ-साखर घालावी. पवनानगरला पंधरा मिनिटे थांबून नीट खावे, मिसळ मात्र परतीसाठी राखून ठेवावी. तर्रीवर चढ चढणे हा स्वतःवरच काढलेला राग आहे. कामशेतहून परतताना जुन्या मुंबई–पुणे महामार्गाने यावे, कारण द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. जुना महामार्ग रुक्ष आहे, पण त्याला रुंद कडा आहे आणि पुण्याकडे येताना चढ थोडे आहेत. वाहनांचा कंटाळा असेल तर पवनानगरहून आल्या वाटेने कोळवणमार्गे परतावे, फक्त हाडशीची खिंड उलट्या बाजूने पुन्हा चढावी लागेल हे लक्षात घ्यावे. पवनानगरहून लोणावळ्याकडे जाणारी दुधिवरे खिंड या वर्षी सोडून द्यावी. तेथला चढ लांब नसला तरी तीव्र आहे, आणि शनिवार-रविवारी लोहगडाकडे जाणाऱ्या मोटारी त्याच वळणांवर अडकून पडतात.

मुळशीविषयी मी थोडा कडक आहे. चांदणी चौकातून भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड करून धरणापर्यंत सुमारे चाळीस किलोमीटर होतात. पिरंगुटच्या कारखान्यांची अवजड वाहने, नव्या बांधकामांचे डंपर आणि ताम्हिणीमार्गे कोकणात उतरणारी वाहतूक असे सगळे या एकाच रस्त्यावर असते. जुलै-ऑगस्टमधील सुट्टीच्या दिवशी त्यात धबधबे पाहायला निघालेल्यांची भर पडते, आणि त्यांतील सर्वच चालक शुद्धीवर असतात असे नाही. मंगळवारी किंवा बुधवारी रजा घेऊन गेलात तर हाच रस्ता वेगळा भासतो. धरणाच्या पुढे ताम्हिणीपर्यंत पाणी उजवीकडे कधी जवळ, कधी झाडीआड असे सोबत करते. १९२१ साली याच खोऱ्यातील शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला आणि त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले. मुळेचे हे पाणी पूर्वेला पुण्याकडे न येता डोंगराखालून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरवले जाते. काठाचा रस्ता अशा वळणावळणांचा का आहे, याची जाणीव येथे इतर ठिकाणांहून जास्त होते. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत मुळशी आणि मावळातील रस्त्यांवरून गेली. तिच्यासाठी केलेले डांबरीकरण चाकांना सुखावणारे असले, तरी येथला पाऊस कोणतेही डांबर फार दिवस जपत नाही, त्यामुळे गेल्या वर्षीच्या आठवणीवर उतारावर वेग घेऊ नये.

टेमघर–लवासा हा मार्ग जातिवंत घाटाचा आहे. पिरंगुटहून उरवडे, मुठा, टेमघर आणि नंतर लवासाच्या प्रवेशद्वारापर्यंतची चढाई, असे त्याचे स्वरूप आहे. सोंडांचा सराव झाल्यावर हा घाट उलट सोपा वाटतो, कारण एकच लय धरून चढता येते. प्रवेशद्वारापलीकडे दासवेला उतरलात तर परतताना तो उतार चढावा लागतो, हे निघताना सोयीस्करपणे विसरले जाते. लवासाहून वरसगावच्या काठाने पानशेतला उतरण्याचा बेत करण्यापूर्वी त्या रस्त्याची त्या महिन्यातील स्थिती स्थानिकांना विचारून घ्यावी. अरुंद टायरची सायकल खांद्यावर घेऊन चालण्याचा प्रसंग मी तेथे अनुभवला आहे.

भोरकडची भाटघर आणि निरा देवघर ही दोन धरणे शेवटी घ्यावीत, तीही सायकल मोटारीतून भोरपर्यंत नेऊन. पुण्याहून सायकलनेच जायचे झाल्यास कात्रजच्या बोगद्याऐवजी जुन्या घाटाने जावे लागते, आणि त्यानंतर कापूरहोळपर्यंत साताऱ्याच्या महामार्गावर ट्रकांच्या शेजारून पंचवीस किलोमीटर काढावे लागतात. त्यात शिकण्यासारखे काही नाही. भोरपासून हिर्डोशीच्या दिशेने निरा देवघरच्या काठाचा रस्ता मात्र असा आहे की त्यासाठी मोटारीचा लांच्छनास्पद प्रवासही क्षम्य ठरावा. वरंध घाटाच्या तोंडाशी जाऊन परत फिरावे. पावसाळ्यात दरडींमुळे तो घाट वारंवार बंद होतो.

ऋतूविषयी आपण विचारले नसले तरी सांगणे आवश्यक आहे. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते डिसेंबरचा मध्य हा उत्तम काळ: धरणे भरलेली, गवत हिरवे, ऊन सुसह्य. नोव्हेंबरात भाताची कापणी होते आणि काही गावांत झोडणी, वाळवण रस्त्याच्या कडेलाच चालते; पेंढ्यावरून चाक घसरते, आणि धान्यावरून सायकल नेणे असभ्यपणाचे आहे, तेव्हा उतरून चालावे. पावसाळ्यात जायचे असेल तर पश्चिमेचा वारा जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर असतो, ही एकच गोष्ट अनुकूल आहे. झाडीखालच्या वळणांवर शेवाळ धरते आणि पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे त्यात चाक गेल्यावरच कळते. फेब्रुवारीनंतर डोंगर वणव्यांनी काळे पडू लागतात आणि पानशेत, वरसगावचे पाणी काठापासून दूर सरकते. वरची धरणे खडकवासल्यात पाणी सोडत असल्याने त्याची पातळी बऱ्यापैकी टिकते, म्हणून एप्रिलमध्ये पाणी पाहायचेच असेल तर तेथपर्यंतच जावे आणि आठच्या आत घरी यावे. दोन ट्यूब, पंप, ठिगळांचा संच आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा जवळ बाळगावा. बाभळीच्या काट्याने ट्यूब जाते, पण खडीच्या धारेने टायरची कड फाटली तर तो तुकडा आतून लावूनच घर गाठता येते.

मुलीला न्यायचे आहे ते एनडीए–बहुली रस्त्यावरच, आणि तेही उत्तमनगरपर्यंत सायकली मोटारीला लावून, सकाळी सहाला. पहिल्या दिवशी मांडवीला मागे फिरावे, तिने सांगरुणचा हट्ट धरला तरी. ती पुढे आणि आपण तिच्या मागे हातभर उजवीकडे, असे चालावे, म्हणजे मागून येणारे वाहन आपल्याला टाळताना तिच्यापासूनही दूर राहते. उतारावर मात्र आपण पुढे व्हावे आणि मोरीच्या अलीकडे कोठे ब्रेक लावायचा ते तिला आपल्या मागून पाहू द्यावे. हायब्रिड सायकल चालेल. सीट मात्र निघण्यापूर्वी तपासा: चौदाव्या वर्षी मुले चार महिन्यांत उंच होतात, आणि खाली राहिलेल्या सीटवर चढ चढताना गुडघे दुखू लागले की त्याचा दोष चढाला दिला जातो.